तंबोऱ्याआडून : २०२४ चा जमाखर्च

संपादकांचा फोन आला, की या महिन्यात रागांच्या वेळा, घशाची काळजी वगैरे राहू द्या. वाचकांनी तुमच्या स्वतःच्या वर्षाबद्दल विचारलंय, त्याची उत्तरं लिहा. मी म्हटलं, तंबोरेवालीचं वर्ष कोण वाचणार? तर त्यांनी गठ्ठाच पाठवून दिला. त्यात दोन चक्क पोस्टकार्डं आहेत. नेहमीप्रमाणे कुणाचं नाव छापत नाही, गाव तेवढं देते.

ताई, सरत्या वर्षात किती मैफलींना साथ केलीत, किती ऐकल्यात? आणि सगळ्यात चांगली कुठली झाली? (कराड)

माझी डायरी असते. तिच्यात गाण्याबद्दल फारसं काही नसतं. तारीख, गाव, गाणाराची पट्टी (पेटीच्या कुठल्या पट्टीवर त्याचा ‘सा’ लागतो ते), तंबोरा कुणाचा, आणि जेवायला काय होतं, एवढंच. तिच्या हिशेबाने साथ १९ वेळा आणि नुसती श्रोती म्हणून १२ वेळा. एकोणिसांपैकी सात वेळा जेवायला मसालेभात होता.

सगळ्यात चांगली मैफल मार्चमधली. सांगलीत गावभागातल्या एका घरात सकाळी नऊ वाजता, चौदा माणसं, माइक नाही. गाणारी बाई काळी चारची, तोडी चालू होती. विलंबितात मधेच वीज गेली. डोक्यावरचा पंखा हळूहळू थांबला, शेजारच्या घरातला मिक्सरही बंद पडला आणि इतका वेळ फक्त मला आणि तिला ऐकू येत असलेला तंबोरा एकदम सगळ्या खोलीला ऐकू आला. ती गाता गाता थांबली. चुकली म्हणून नव्हे, ऐकायला थांबली. दोन-तीन आवर्तनं तबला नुसता ठेका धरून होता आणि ती डोळे मिटून बसली होती. मग तिने कोमल गंधार लावला. त्या गंधाराबद्दल मी लिहिणार नाही, लिहिता येत नाही. वीज बाराला आली. जेवायला वरण-भात आणि कैरीचा तक्कू.

तीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या पाठीमागे बसून तंबोरा छेडताय. स्वतः शिकलेल्या असूनही पुढे बसायला मिळालं नाही, याचं वाईट वाटत नाही का? रागावू नका. (इचलकरंजी)

रागावले. मग चहा केला, आता लिहिते.

पुढे बसायला मिळालं नाही, असं नाही. मी बसले होते. विशारद झाल्यावर चार-पाच वर्षं छोटे कार्यक्रम केले. मध्य सप्तकात माझा आवाज बरा आहे, तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या ‘सा’च्या, वर गेला की दोऱ्यासारखा बारीक होतो. माझ्या गुरू, आमच्या बाई, यांनी कधी तोंडावर सांगितलं नाही, पण एके दिवशी त्यांनी स्वतःच्या मैफलीला मला तंबोऱ्यावर बसवलं आणि दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘काल तू मागे होतीस, मला भीती वाटली नाही.’ एवढ्या मोठ्या बाईला भीती वाटते, हेच मला तोवर माहीत नव्हतं.

तंबोरा छेडणं म्हणजे चार तारांवरून बोट फिरवणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तासभर छेडून बघावा. पहिली तार पंचमाची, ती मधल्या बोटाने. मग जोडीच्या दोन आणि शेवटचा खरज, म्हणजे खालचा ‘सा’, या तिन्ही तर्जनीने. सगळ्यांचा जोर सारखा हवा, मधे खळ पडायला नको. आणि मुख्य म्हणजे तबल्याशी काही संबंध ठेवायचा नाही. तबला द्रुतात गेला की तुमचं बोटही त्याच्यामागे धावू पाहतं. बोट ठेक्यात पडायला लागलं, की ती साथ संपली. शेजारी एवढं वादळ चालू असताना आपल्या चालीने चालत राहायचं, याला सराव लागतो. माझ्या सासूबाई म्हणायच्या, हा तर संसारच झाला. मी तसं म्हणत नाही, संसारात मधे खळ पडतेच.

शिवाय मागून जे दिसतं ते तिकीट काढून दिसत नाही. गाणाराची मान दिसते, मानेवरचा घाम दिसतो. पदराखाली मात्रा मोजणारी बोटं दिसतात. तालाची सम चुकणार, हे श्रोत्यांच्या आधी मला खांद्यावरून कळतं. तंबोरा नीट लागला असेल तर खरजाच्या तारेतून गंधार आपोआप येतो. कुणी छेडलेला नसतो. स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. तो सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो तो तारेला कान लावून बसलेल्या माणसाला. म्हणजे मला.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. निमंत्रणपत्रिकेत तबला, पेटी, ध्वनिव्यवस्था, फुलांची सजावट, सगळ्यांची नावं असतात. तंबोऱ्याचं नसतं. एकोणीसपैकी चार पत्रिकांत होतं. एका पत्रिकेत आडनाव चुकलेलं होतं, तरी मी तिला धरून चारच मोजलेत.

मानधन किती मिळतं? (पंढरपूर)

२०२४ मध्ये कमीत कमी पाचशे, जास्तीत जास्त अडीच हजार. तीनदा नुसती शाल आणि नारळ. शाली आता अकरा झाल्यात, कुणाला हवी असल्यास कळवा.

मी इंजिनियरिंगला आहे, गाणं शिकतो. मोबाइलमध्ये तंबोऱ्याचं अ‍ॅप असताना खरा तंबोरा विकत घ्यावा का? जागा पण लागते आणि लावताही येत नाही. (पुणे)

अरे, होस्टेलच्या खोलीत राहत असशील तर नको घेऊस. अ‍ॅपवर रियाज कर, काही पाप लागत नाही. मी स्वतः स्वयंपाक करताना तेच लावते. पण लावता येत नाही हे कारण मात्र उलटं आहे. लावता येत नाही म्हणूनच तो हवा. रोज दहा मिनिटं खुंटी पिळायची, मणी सरकवायचे, पंचम जुळला की नाही हे कानाने ठरवायचं. अ‍ॅप ते ठरवून देतं, म्हणून कान आळशी होतो. थंडीत तार चढते, स्टेजवरच्या दिव्यांनी उतरते, पावसाळ्यात खुंटी घट्ट बसते, उन्हाळ्यात घसरते आणि खडू चोळावा लागतो. वर्षभर हे केलंस, की कुणाच्याही गाण्यात कुठे सूर उतरला ते तुला मान वळवून बघावं लागणार नाही.

वर्षातला वाईट प्रसंगही याच विषयातला आहे. एका तालुक्याच्या गावी आयोजकांच्या मुलाने मोबाइलमधला तंबोरा थेट स्पीकरला जोडला आणि मला म्हणाला, ‘काकू, तुमचा राहू द्या, हा मोठा लागतो.’ त्याची पट्टी गाणाराच्या पट्टीपेक्षा केसभर चढी होती. माझ्या पुढचा माइक बंद. अडीच तास मी फोटोपुरती छेडत होते. गाणारा बिचारा पहिला अर्धा तास दोन षड्जांच्या मधे उभा होता, शेवटी मोबाइलला शरण गेला.

सुटीत कधी मिरजेला ये. सतारमेकरांच्या गल्लीत नुसता फिरलास तरी पुष्कळ कळेल. शस्त्रांना धार लावणारे हे शिकलगार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेबांपासून वाद्यांकडे वळले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, दांडीला तुणाचं लाकूड. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बातमी आली त्या आठवड्यात मी जवारी काढायला, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून झंकार जुळवून घ्यायला, गेले होते. कारागिराचं अभिनंदन केलं, तर त्याने मान हलवली आणि कानस घासत राहिला. घोडीवरून कानस दोनदा फिरवायची, तार ठेवायची, सूत केसभर सरकवायचं, कान लावायचा, पुन्हा तार काढायची. पाऊण तास हेच. मधे एकदा मला वाटलं, झालं की आता, छान वाजतोय. तो म्हणाला, ‘वाजतोय. बोलत नाही अजून.’

साठी जवळ आली, मैत्रिणी उरल्या नाहीत. तुमच्या लेखात नेहमी मैत्रिणी असतात. त्या कुठे मिळतात? (नागपूर)

बाजारात मिळत नाहीत एवढं खरं. माझ्याही तीनच आहेत. नावं घातली तर भांडतील म्हणून मी त्यांना मिरजवाली, बँकवाली आणि तासगावकरीण म्हणते. पहिली पेटी वाजवते, दुसरी निवृत्त झाल्यापासून काहीही करायला तयार असते, तिसरी आमची टीकाकार.

त्या काय कामाच्या, ते सांगते. सांगलीत २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा माझा आईकडून आलेला तंबोरा खालच्या खोलीत होता. भोपळा पाण्यात राहून फुगला, शिवण उघडली. तो गेला. त्यामुळे या जुलैत पाणी वाढायला लागल्यावर सगळं गाव पुलावरचे फूट मोजत होतं आणि मी घरातले दोन तंबोरे बघत होते. मी कुणाला काही बोलले नव्हते. भर पावसात मिरजवाली रिक्षा घेऊन दारात. म्हणाली, ‘तू राहा बुडत, तंबोरे दे.’ एक तिच्या मांडीवर आडवा, दुसरा माझ्या. भोपळे रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले, त्यांच्यावर प्लॅस्टिकची पोती. रिक्षावाला विचारतो, एवढे मोठे भोपळे शिजवणार कशात? पाणी यंदा घरापर्यंत आलं नाही. तंबोरे मात्र तिच्याकडे ऑगस्टअखेरपर्यंत राहिले, कारण आमचं तेवढ्यात भांडण झालं. विषय सांगण्याजोगा नाही, बाकरवडीचा होता. एकोणीस दिवस बोलणं बंद. विसाव्या दिवशी तिचा निरोप: जोडीची तार तुटलीय, येऊन लाव.

तेव्हा उत्तर असं, की जिच्याशी भांडण अर्धवट राहिलंय अशी कुणी असेल तर तिला फोन करून बघा. नव्या मैत्रिणीपेक्षा लवकर जमतं.

वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी मोठी माणसं गेली. तुम्हा कलाकारांना काय वाटलं? (गोवा, फोंडा)

मी कलाकार वगैरे राहू द्या. ९ जानेवारीला गायक राशिद खाँ गेले, पंचावन्न वर्षांचे. १३ तारखेला, शनिवारी, पुण्यात प्रभाताई अत्रे गेल्या. चार दिवसांत दोन. प्रभाताईंचं वय ९१ होतं, तरी त्या जातील असं वाटलं नव्हतं. कित्येक वर्षं पुण्याच्या ‘सवाई’ महोत्सवाची सांगता त्यांच्या गाण्याने व्हायची. आमच्या पिढीतल्या मुलींनी त्यांचं मारुबिहाग आणि कलावती ऐकून गाण्याच्या क्लासला नाव घातलं. मीही त्यातलीच. त्या शनिवारी माझी शिकवणी होती. मुलींना सांगितलं, आज शिकवत नाही, नुसतं ऐकू.

आणि १५ डिसेंबर. रविवारी रात्री झाकीर हुसेन गेल्याचे निरोप आले. मग आलं, खोटं आहे, अजून आहेत, प्रार्थना करा. बँकवालीने देवापुढे दिवा लावला. सोमवारी सकाळी कळलं, की खरंच गेले. त्या बारा तासांचं काय करायचं हे मला अजून कळत नाही.

लगेच १८ पासून सत्तरावा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव होता. तिकिटं आधीच काढलेली. आम्ही चौघी कोयना एक्स्प्रेसने पुण्याला गेलो, मुकुंदनगरला भारतीय बैठकीत जागा धरली. मांडवात, चहापाशी, स्वच्छतागृहाच्या रांगेतसुद्धा जो तो आपापला झाकीर सांगत होता. कुणी १९८५ सालचा, कुणी सही घेतलेला, कुणी नुसता लांबून पाहिलेला. आमच्या पुढच्या सतरंजीवर एक आजोबा होते. ते कुणाला काहीच सांगत नव्हते, पण प्रत्येक तबलजीच्या पहिल्या थापेला डोळे पुसत होते. तासगावकरीण माझ्या कानात म्हणाली, यांना मोतीबिंदू असेल. तिला असंच बोलता येतं. तिचाही रुमाल ओला होता.

शेवटी सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रित भैरवी वाजली. तिच्यात मागे तंबोरा ऐकू येतो का, हे मी दर वेळी शोधते. खरखरीतून कधी आल्यासारखा वाटतो.

दुसऱ्यांना तुम्ही सारखं सांगता, स्वतःचं काहीतरी करा. स्वतः काय केलंत? (बार्शी)

बरोबर पकडलंत. केलं थोडं.

माझी आजी तासगाव तालुक्यातली. तिच्या जात्यावरच्या चौसष्ट ओव्या आईने एका वहीत उतरवल्या होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्या डोंगरापुढे माझी वही म्हणजे मूठभर दाणे. पण दाणे घरचे. फेब्रुवारीत ठरवलं, की यातल्या सहा ओव्यांना चाल लावायची आणि चौघींनी मिळून गायच्या. पहिली ही घेतली:

मिरजेच्या वाटंवरी चिंचेची गं सावली
माझ्या बंधवाची गाडी तिथं घडीभर थांबली

मी तिला भूपात बांधली. सुंदर झाली, असं मला वाटलं. तासगावकरीण ऐकून म्हणाली, ‘ही दळणारी बाई नाही, परीक्षेला बसलेली बाई आहे.’ दोन दिवस मी तिचा फोन घेतला नाही. मग दुसरी चाल केली, पिलूत. ती आणखी वाईट. आजी आठवायला लागले, तर लक्षात आलं की ती तीन-चार सुरांच्या पलीकडे जातच नव्हती. माझी विद्या तिच्यात मावत नव्हती.

शेवटी बँकवाली म्हणाली, आधी दळून तर बघू. मिरजवालीच्या माळ्यावर जातं होतं. चौघींनी मिळून खाली आणलं, एकीच्या पायाचा अंगठा सुजला. जात्याला टाकी लावलेली नव्हती, म्हणजे दगड छिन्नीने खडबडीत केलेले नव्हते; टाकी लावणारा आता कुठून आणायचा? तसंच बसलो. समोरासमोर दोघी, खुंट्यावर दोन हात, पायाशी ज्वारीची पाटी. पीठ पडेना, भरडच पडत होती. पण दहा मिनिटांनी कळलं. ओवीची ओळ मधे जिथे थांबते, तिथे एक हात खुंटा सोडून दाणे वैरायला जातो. थांबणं कवितेचं नाही, हाताचं आहे. आणि दुसरं म्हणजे जात्याची घरघर. दगडावर दगड फिरतो, त्याचा एक सूर निघतो आणि तो सुटत नाही. मी मिरजवालीला म्हटलं, पेटीवर बघ गं हा कुठला. ती उठली, बघून आली. पांढरी तीनच्या आसपास. आजी आयुष्यभर एका षड्जावर गात होती आणि घरात कुणालाही, मी धरून, तंबोरा ऐकू आला नव्हता.

मग चाल अशी काही बांधलीच नाही. चार सूर, जात्याची लय, ओळीत वैरणीएवढी खळ. नोव्हेंबरात एका वाचनालयाच्या सभागृहात म्हटल्या, बावीस माणसं होती. मी पुढे बसले. तंबोऱ्यावर बँकवाली, जिला मी सहा महिने शिकवलं. मला सारखं वाटत होतं, की पाठीवर काहीतरी नाही. दोनदा मागे वळून पाहिलं. तिसऱ्या ओवीत तिचं बोट टाळ्यांच्या ठेक्यात पडलं, मला ते पाठीला कळलं. पाचवीत माझा आवाज चिरला, तिथे नेमकी एक लहान मुलगी खोकली, देव तिचं भलं करो. संपल्यावर नऊवारीतल्या एक आजी जवळ आल्या. वाटलं, डोळे भरून आले असतील. त्या म्हणाल्या, ‘बाई, आमच्याकडं एवढं लांबवत नव्हते. भाकरीला उशीर व्हतो.’

तेव्हा सहातल्या दोन ओव्या आता आखूड करायच्या आहेत. टाकी लावणारा कुणाच्या माहितीत असेल तर मासिकाच्या पत्त्यावर जरूर कळवा.

तंबोरा वाजवताना तुम्हाला झोप येते का? मला आई वाजवायला बसवते, तेव्हा येते. (इयत्ता पाचवी, सातारा)

बाळ, येते. खरं सांगायचं तर याच वर्षी एकदा लागली. ऑक्टोबरात, दुपारच्या कार्यक्रमात, मसालेभातानंतर. मधला तराणा मी ऐकलेलाच नाही. जाग आली तेव्हा बोट चालू होतं आणि तार तिच्या जागी होती. गाणाऱ्या ताईंनी नंतर मला मुद्दाम सांगितलं, की आज तंबोरा फार स्थिर होता. त्या हे मासिक घेत नाहीत. तुझ्या आईला मात्र हे वाचून दाखवू नकोस.